मरळीसाठी पाण्यावरचा बेडूक: मराठवाड्यातल्या तळ्या-धरणांवर टॉपवॉटरची मासेमारी

मराठवाड्यात बास नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अमेरिकन व्हिडिओ बघून रॉड-रीळ मागवणारी पोरं पहिल्यांदा त्याचीच चौकशी करतात. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. मोठ्या जबड्याचा, गवतात दबा धरून बसणारा. पाण्याच्या वरच्या थरावर चालणाऱ्या नकली भक्ष्याने, म्हणजे टॉपवॉटर लूरने, तो पकडायची कला तिथे शंभरहून जास्त वर्षं मुरलेली आहे. मिशिगन राज्यातल्या डोवाजॅक गावच्या जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले होते. आज ऑनलाइन मिळणारा पोकळ रबरी बेडूक त्याच घराण्यातला.

आपल्याकडे बासची जागा मरळीने घेतली आहे. तीही गवतात दबा धरते, तीही बेडूक, उंदीर, बारके मासे काहीही सोडत नाही, आणि तिचा जबडा बासपेक्षा कडक. दोन्हींची गाठ अमेरिकेत पडलीसुद्धा. २००० साली फ्लोरिडाच्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या पाण्यात आपल्या मोठ्या मरळीच्या जवळच्या नात्यातली, तेव्हा चन्ना मारुलियस म्हणूनच ओळखली गेलेली मरळ सापडली. तिथल्या बासवाल्यांनी तिच्यासाठी काही वेगळं शोधून काढलं नाही. बासला टाकायचा तोच पोकळ बेडूक जलपर्णीच्या कडेने ओढला आणि ती लागली. पुढे २००२ मध्ये अमेरिकेने या कुळातल्या जिवंत माशांच्या आयातीवर बंदी घातली, कारण बाहेरचा शिकारी मासा तिथल्या पाण्याला परवडणारा नव्हता. आपल्याकडेही कुणी हौसेने बाहेरचे मासे आणून तळ्यात सोडायच्या गोष्टी करत असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

तेव्हा हुन्नर बासचा, मासा मरळीचा आणि पाणी मराठवाड्याचं, असा हा लेख आहे.

आधी पाणी बघा

नवखा माणूस थेट मोठ्या धरणावर जातो. माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, मांजरा, विष्णुपुरी, माकणीचं निम्न तेरणा, सगळीकडे मरळ असते. पण एवढ्या उघड्या पाण्यात काठावर उभं राहून ती शोधायची म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधण्याचा प्रकार. सुरुवात पाझर तलावावर, गावतळ्यावर, कोल्हापुरी बंधाऱ्याच्या साठलेल्या पाण्यावर करावी. पाणी लहान, कडा हाताशी आणि लपायच्या जागा मोजक्या. धरणावर जायचंच असेल तर भिंतीकडे न जाता मागच्या फुगवट्याकडे जा. जिथे ओढा येऊन मिळतो, बुडालेल्या बाभळी उभ्या आहेत, बेशरमाची बेटं अर्धी पाण्यात आहेत, तिकडे.

मरळ उथळ पाण्यातली. गुडघाभर ते कमरेइतकं पाणी, खाली गाळ, वर काहीतरी झाकण, एवढं तिला पुरतं. जलपर्णी असेल तर तिच्या मधोमध टाकत बसण्यापेक्षा कडा आणि भोकं बघा. म्हैस पाण्यात उतरून जी वाट पाडते, त्या वाटेच्या दोन्ही कडा हमखास. पाणकणसाच्या दाटीत जिथे ओंजळभर मोकळं पाणी दिसतं ती जागा, मोटारीच्या पाइपाखालची सावली, कपडे धुवायच्या दगडाच्या बाजूचा कोनाडा. शेवाळाचा हिरवा थर पाण्यावर पसरला असेल तर उत्तमच, बेडूक त्यावरून चालतो.

मरळ आहे की नाही हे काठावर शांत बसून कळतं. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यात हवा साठवायचा वेगळा अवयव असतो आणि थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. त्याचा आवाज ओठ उघडल्यासारखा, बारीक ‘चप्’ असा येतो, मग एक गोल लाट आणि मागे दोन-चार बुडबुडे. चिलापीची गोलं याहून बारकी असतात आणि एकाच जागी भराभर उठतात. कासव नाक वर काढून क्षणभर तसंच राहतं. रोहू-कटला उसळी घेतो आणि आवाज मोठा करतो. अर्धा तास रॉड बाजूला ठेवून हे बघितलं तर कुठे फेकायचं याचा नकाशा डोळ्यासमोर तयार होतो. मरळ सहसा जागा धरून राहते. आज जिथे घोट घेतला, उद्याही तिथेच आसपास घेईल.

हाच अवयव तिला दुष्काळात तारतो. पाणी आटून चिखल उरला, प्राणवायू संपला, रोहू पांढरी पोटं करून तरंगायला लागले, तरी मरळ ओल्या गाळात दम धरून असते. म्हणून दोन उन्हाळे कोरड्याठाक गेलेल्या तळ्यातही, खोलगट भागात ओल टिकली असेल तर पाऊस पडल्यावर ती पुन्हा दिसू शकते.

परवानगीचं तेवढं आधी बघा. बहुतेक तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात आणि त्यातल्या माशांवर भोई बांधवांचं घर चालतं. काठावर थर्माकोलचा तराफा किंवा वाळत घातलेलं जाळं दिसलं की आधी तिकडे जाऊन राम राम करायचा.

“मामा, गळ टाकू का जरा? इथं मरळ हाय का?”

“हाय की. सकाळच्याला त्या बेशरमाच्या कडंला वर यायलीय. टाका, पण आमच्या जाळ्याकडं फेकू नका बरं.”

एवढ्या बोलण्यातून परवानगीही मिळते आणि जागाही. कुणी पावती घ्या म्हटलं तर घ्यावी, नको म्हटलं तर मुकाट निघावं. जायकवाडीच्या नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन खात्याला विचारल्याशिवाय रॉड उघडू नका. शेततळं असेल तर मालकाला विचारा आणि अस्तराच्या प्लास्टिकवर बूट घालून चढू नका. ते फाटलं की त्याचं अख्खं वर्षाचं पाणी जातं.

हंगाम आणि वेळ

अमेरिकन लेखांत पाणी तापायची वाट बघा असं असतं, कारण तिथे तळी गोठतात. आपल्याला त्याची गरज नाही. परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो त्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र मरळ सुस्त असते. तेव्हा उशिरा, ऊन पाण्यावर पडल्यावर जायचं. बाकी वर्षभर सूर्योदयाच्या आगेमागे आणि दिवस मावळताना, या दोनच वेळा खऱ्या. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात दुपारी काही चालत नाही असं मात्र नाही. मासे जलपर्णीच्या दाट सावलीत शिरलेले असतात, तिथे वरून बेडूक ओढला तर भर दुपारीही हल्ला होतो. माणसाला सोसेल का, हा खरा प्रश्न.

मला विचाराल तर दसऱ्यानंतरचे दोन महिने सगळ्यात चांगले. पाणी निवळलेलं, गवत भरपूर, पिल्लांचा काळ सरलेला आणि मरळ खायला उठलेली. दुसरा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. पाणी मागे सरतं, गाळपेराची जमीन उघडी पडते आणि मासे उरलेल्या डबक्यांत एकवटतात. पावसाळ्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

वारा पडलेला, पाणी आरशासारखं असेल तर आवाज न करणारा बेडूक. बारीक लाटा असतील तर थोडा खळखळाट करणारा पॉपर. जोराच्या वाऱ्यात टॉपवॉटर सोडून द्या, दोरीला पोट पडतं आणि लूर नुसता वाहत जातो.

सामान

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम हेवी, टोक वाकेल पण मधून ताठ राहील असा. शेलाटा मऊ रॉड इथे कुचकामी. मरळीच्या कडक टाळूत दुहेरी गळ घुसवायचा आणि तिला गवतासकट ओढायचं, हे ताठ काठीचंच काम. रीळ स्पिनिंगचं असेल तर ३००० किंवा ४००० नंबरचं. बेटकास्टर, म्हणजे आडव्या चकरीचं रीळ, येत असेल तर ७:१ च्या आसपासच्या गतीचं (हँडलच्या एका फेऱ्याला चकरी सात वेळा फिरते ते), कारण ढिली दोरी पटकन गोळा करता आली पाहिजे.

दोरी वेणीची, म्हणजे ब्रेडेड, ४० ते ५० पौंडांची. ती ताणत नाही, तरंगते आणि जलपर्णीचे देठ कापत येते. साध्या नायलॉनच्या तंगुसाने हे जमत नाही. वीस-पंचवीस पावलांवर तंगूस इतका ताणतो की तुमचा झटका गळापर्यंत पोहोचतच नाही. दाट गवतात ब्रेड थेट बेडकाला बांधा. मोकळ्या, नितळ पाण्यात पुढे दीड फूट जाड नायलॉनचा तुकडा जोडला तर चालतो, पण फ्लुरोकार्बन नको. तो बुडतो आणि लूरचं नाक खाली ओढतो.

लूरमध्ये पैसा कमी आणि डोकं जास्त घालावं. पहिला मान पोकळ बेडकाचा: मऊ रबरी अंग, खालून निघून पाठीला चिकटलेले दोन गळ, मागे दोऱ्यांच्या झिरमिळ्या किंवा फिरती पाती. गळांची टोकं पाठीवर असल्यामुळे तो गवतात अडकत नाही. केरळात मरळीला वराल म्हणतात आणि तिथे बेडकाने वराल पकडायचं वेड मोठं आहे. तिथले बारके, भरीव वजनाचे बेडूक आपल्या तळ्यांनाही छान लागू पडतात. दहा ते पंधरा ग्रॅमचे दोन-तीन असले की सुरुवातीला पुरे.

मग एखादा पॉपर, तोंडाला वाटीसारखी खोच असलेला. झटका दिला की पाणी थुंकतो. त्याला खाली उघडे तिहेरी गळ असतात, म्हणून तो फक्त मोकळ्या पाण्यात. बझबेट हा पंख्यासारखं पातं गरगर फिरवत येणारा प्रकार. तो थांबवला की बुडतो, त्यामुळे सतत ओढत राहावा लागतो. गढूळ पाण्यात मरळीला तो आवडतो. बाकी शंभर प्रकार दुकानदाराच्या सोयीसाठी आहेत.

रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मासा खालून बघतो, त्याला आभाळाच्या उजेडावर एक काळी आकृती दिसते. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी काळं पोट, उजेड चढल्यावर पांढरं किंवा पिवळं. पाठीचा रंग आपल्यासाठी, दुरून दिसावा म्हणून.

जिवंत बेडूक गळाला टोचायची जुनी रीत आहे, ती सोडा. आपल्या मोठ्या बैलबेडकाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि बेडकांच्या मांड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्येच बंद केली. रबरी बेडूक असताना त्याची गरजही उरत नाही.

चिमटा किंवा लांब नाकाचा पकड, दोरी कापायची कात्री, मासा धरायची ग्रिप, एक ओला टॉवेल, पाणी, टोपी. ध्रुवीकृत चष्मा असेल तर पाण्यावरची चमक मारली जाते आणि गवताखालची सावली दिसते.

बेडूक पेटीतून काढून लगेच टाकू नका

विकत आणलेला बेडूक बहुधा अर्धवट तयार असतो. तो अंगठा आणि तर्जनीत धरून पाठ-पोट दाबा. मरळीच्या जबड्यात हेच होणार आहे. दाबल्यावर दोन्ही गळांची टोकं सहज उघडी पडली पाहिजेत. रबर जाड असेल आणि टोकं आतच राहत असतील तर तो बेडूक कितीही सुंदर असो, मासा लागणार नाही. काही वेळा गरम पाण्यात घालून दाबत राहिलं की रबर मऊ होतं. टोकं दिसतात पण अंगाला घट्ट चिकटून आहेत, असं असेल तर पकडीने दोन्ही गळ किंचित बाहेर आणि वर वाकवा, अगदी तांदळाच्या दाण्याइतके. जास्त वाकवले तर गवत धरायला लागतात.

टोक नखावर टेकवून ओढून बघा. नखावरून घसरलं तर बोथट आहे. बारीक कानशीने धार लावा. मरळीची टाळू हाडाची असते, तिथे बोथट गळ नुसता घासतो.

झिरमिळ्या लांब असतील तर कापून निम्म्या करा. लांब शेपटीला मरळ मागून तोंड घालते आणि गळापर्यंत पोहोचतच नाही. एक बाजू बोटभर जास्त लांब ठेवली तर बेडूक ओढताना डावी-उजवीकडे जास्त वळतो. शेवटी पोटातून पाणी निघायची वाट आहे का ते बघा, कारण दर काही फेकींनंतर बेडूक पाणी पितो, जड होतो आणि मागून बुडून चालतो. दाबून पाणी पिचकारीसारखं काढायचं आणि पुन्हा फेकायचं.

गाठ पालोमार मारावी. सोपी आहे आणि ब्रेडला धरून राहते. दोरीचं टोक वीतभर दुमडून दुहेरी करा. ही दुहेरी दोरी बेडकाच्या नाकाच्या कडीतून ओवा. दुहेरीच दोरीने एक साधी सैल गाठ घाला, आवळू नका. खालच्या फासातून अख्खा बेडूक पार करा, फास कडीच्या मागे आणा. थुंकीने ओली करून दोन्ही दोऱ्या एकत्र ओढा. बेडूक मोठा असतो म्हणून फास जरा ऐसपैस ठेवायचा, एवढंच लक्षात ठेवा. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

फेक

काळ्या मातीच्या काठावर पाय जपून टाका. मातीतून धमक पाण्यात जाते आणि उथळातली मरळ ती टिपते. सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला उभं राहा, म्हणजे सूर्य समोर किंवा बाजूला. काठापासून दोन पावलं मागे थांबून आधी आपल्या पायाजवळची कड फेकून बघा, मग लांबची. बहुतेक जण लांब फेकायच्या नादात पायाखालच्या मरळीला उठवून लावतात.

नेमकं जिथे मासा वाटतो तिथे कधीच फेकू नका. त्याच्या पलीकडे पाच-सहा फूट, शक्यतो गवतावर किंवा समोरच्या काठाच्या मातीवर बेडूक पडू द्या. तिथे तो क्षणभर बसवा. मग ओढून पाण्यात उतरवा, खरा बेडूक उतरतो तसा, बारीक ‘टप’ आवाज करत. काठाला समांतर फेक ही सगळ्यात फायद्याची, कारण बेडूक पूर्ण वेळ कडेकडेने चालतो. काठाला काटकोनात फेकलात तर चांगल्या पाण्यात तो जेमतेम चार फूट असतो आणि उरलेलं अंतर उघड्यावर.

चाल

रॉडचं टोक पाण्याकडे खाली. रीळ फिरवून लूर ओढायचा नाही. टोकाने छोटे झटके द्यायचे आणि रिळाने फक्त ढिली झालेली दोरी गोळा करायची. झटका दिल्यावर लगेच टोक पुढे आणून दोरी सैल सोडली तर बेडकाचं नाक एका बाजूला वळतं. पुढच्या झटक्याला दुसऱ्या बाजूला. ही डुलती चाल बासवाल्यांची लाडकी, आणि तिचं सगळं रहस्य झटक्यात नाही, सैल सोडण्यात आहे. घरच्या हौदात दहा फुटांवर सराव करता येतो.

मरळीच्या बाबतीत मी एक फरक करतो. बास थांबलेल्या लूरवर झडप घालतो, म्हणून तिकडे लांब विराम शिकवतात. मरळ मात्र बरेचदा मागे लागते. संथ, एकसारख्या चालीत येणारा बेडूक तिला पाठलागाला उद्युक्त करतो. म्हणून गवतावरून सावकाश, न थांबता ओढत आणायचा आणि भोक किंवा कड आली की तिथे श्वासभर थांबवायचा. पाण्यावर इंग्रजी व्ही आकाराची घडी बेडकामागे येताना दिसली की हात गोठतात. तसंच चालू ठेवा. वेग वाढवू नका, थांबूही नका. फार जवळ येऊनही तोंड मारत नसेल तर एकदाच हलका झटका द्या.

हल्ला

मासे सुटतात ते इथे, आणि बाकी सगळी तयारी या दोन सेकंदांसाठी असते. पाणी फुटतं, आवाज होतो, आणि माणूस दचकून रॉड मागे खेचतो. बेडूक हवेतून येऊन छातीवर आदळतो. नशीब बरं नसेल तर गळासकट.

हल्ल्याचा आवाज म्हणजे मासा लागल्याचा पुरावा नव्हे. मरळ कधी शेपटीने मारते, कधी गवताचा थर मध्ये येतो, कधी बेडूक ओठांत धरते पण आत घेत नाही. डोळे आणि कान दोन्ही फसवतात. खरं सांगतो तो हातातला भार. म्हणून पाणी फुटलं की रॉडचं टोक उलट पुढे, माशाकडे न्या. हे शरीराच्या विरुद्ध जातं, सराव लागतो. त्याच वेळात ढिली दोरी दोन-तीन वेढे गोळा करा. दोरी सरकायला लागली, टोकाला वजन आलं, की मग पाय रोवून कोपर अंगाशी घेत रॉड वर ओढा. एकदाच आणि पूर्ण ताकदीने. बारीक बारीक चार झटके दिले तर गळ कडक टाळूत रुतत नाही, भोक मात्र मोठं होतं.

किती थांबायचं, हा नेहमीचा प्रश्न. घड्याळ लावून उत्तर मिळत नाही. पातळ गवतात मरळ बेडूक घेऊन खाली वळते, वजन लवकर कळतं. दाट जलपर्णीत ती आधी देठांशी झटापट करते, तिथे जरा जास्त. बेडूक दिसेनासा झाला आणि दोरी बाजूला चालली, ही खूण आवाजापेक्षा कितीतरी भरवशाची.

हल्ला चुकला तर बेडूक तिथेच राहू द्या. मरळीला वाटतं भक्ष्य जखमी झालं. दोन-तीन श्वासांनंतर बोटभर हलवा. बरेचदा ती लगेच परत येते. नाहीच आली तर काढून घ्या, पाणी पिळा आणि तिच्या पलीकडे पुन्हा फेका. तिसऱ्यांदाही चुकली तर ती जागा दहा-पंधरा मिनिटं सोडून दुसरीकडे वळा. सारखं तेच डोक्यावर आपटत राहिलं तर ती खोल निघून जाते.

बाहेर काढताना

लागल्यावर खेळवत बसायचं नाही. ड्रॅग, म्हणजे रिळातून दोरी सुटू न देणारा ब्रेक, आवळलेला, रॉड वर, आणि पहिल्या काही सेकंदांत तिचं डोकं गवताच्या वर आलं पाहिजे. एकदा ती देठांत शिरली की जलपर्णीचा ढिगारा आणि मासा मिळून येतो. तेव्हा झटके न देता रॉड माशाच्या रेषेत धरून सरळ, संथ ओढा. दोरी मजबूत असेल तर ढिगारा येतो आणि त्यात मरळ निघते.

बासला लोक खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. त्याचे दात खरखरीत कागदासारखे, काही होत नाही. मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका! तिचे दात टोकदार आहेत आणि जबडा बंद झाला की ती अंग पिळते. ग्रिपने खालचा जबडा धरा किंवा ओल्या टॉवेलने मानेमागे दाबा. गळ पकडीनेच काढा. काठावर ठेवली तर पाण्यापासून लांब ठेवा, कारण मरळ ओल्या जमिनीवरून सरपटत परत जाते आणि ते बघून काठावरची पोरं खूश होतात.

सोडून द्यायची असेल तर हात ओले करून धरा, अंगावरचा बुळबुळीत थर पुसू नका. ठेवायची असेल तर जाळीच्या पिशवीत घालून पूर्ण पाण्याखाली बुडवू नका. हवा घ्यायला वर येता आलं नाही तर मरळ पाण्यातच गुदमरून मरते. खायला एखाद-दुसरी घ्यावी. अंगाला राख चोळली की बुळबुळ जाते आणि खवले सुटतात. काटा कमी, मांस घट्ट. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, याहून जास्त काही लागत नाही.

लाल घोळका दिसला तर

मृगाच्या पावसानंतर मरळीची वीण सुरू होते. नर-मादी गवत बाजूला सारून गोल जागा करतात, अंडी वर तरंगतात, आणि पिल्लं निघाली की त्यांचा केशरी-लाल घोळका पाण्यावर उकळल्यासारखा हलत राहतो. खाली आईबाप पहारा देतात. या घोळक्यावर बेडूक टाकला तर मरळ भुकेने नव्हे, रागाने तोंड मारते. दर वेळी, हमखास. म्हणूनच असले व्हिडिओ पावसाळ्यात सुकाळाने दिसतात.

यात कसब काही नाही. पहारेकरी गेला की चिलापी, पाणकावळे, वंचक त्या पिल्लांचा थोड्याच वेळात फडशा पाडतात, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांची मरळ तिथेच संपते. घोळका दिसला की ती कड सोडा, आणि कुणी सोबती टाकत असेल तर त्याला अडवा. जून ते ऑगस्ट मी तरी रॉड बंद ठेवा म्हणेन.

काठावरचे धोके

पाणी मागे सरल्यावर उरलेला गाळ वरून सुकून भेगाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत ओला असतो. नव्या काठावर काठीने चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नका, एकटे तर नाहीच. बेशरमाच्या बेटात, दगडी पिचिंगच्या फटीत साप असतात. घोट्यावर येणारे बूट घाला.

धरणाच्या फुगवट्याकडेला शेतकऱ्यांच्या मोटारी आणि त्यांच्या वायरी पसरलेल्या असतात, कधी गवतात, कधी पाण्यातच, जोड नुसत्या टेपने गुंडाळलेले. वायर दिसली तर त्या तुकड्यात पाण्यात पाय घालू नका, आणि बेडूक वायरीत अडकला तर तो सोडून द्या. डोक्यावरून गेलेल्या तारांखाली रॉड उभा धरू नका; कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. त्याच कारणाने वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून झाडापासून आणि पाण्यापासून दूर व्हा. मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

गळ बोटात गेला आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा आत असेल तर ओढू नका, दवाखान्यात जा. पकडीने काटा आधीच चेपून ठेवला असेल तर गळ सहज मागे निघतो. माशाच्या तोंडातूनही.

घरी आल्यावर

बेडकातलं पाणी दाबून काढा, साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत उलटे टांगून वाळवा. आत ओल राहिली तर गळाचा दांडा पोटातल्या पोटात गंजतो आणि बाहेरून दिसत नाही. पेटीत बेडूक दाबून ठेवले तर त्यांचं अंग चपटं बसतं आणि चाल बिघडते. मऊ प्लास्टिकच्या अळ्या-मासे त्यांच्यासोबत एकाच कप्प्यात ठेवू नका, काही प्लास्टिक एकमेकांना वितळवतात. दोरीचा शेवटचा पाच-सहा फुटांचा तुकडा बोटांत धरून बघा. जिथे केसाळ लागेल तिथे कापून गाठ पुन्हा मारा. कापलेला तुकडा काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो.